बेल्ट मागण्याआधी काट्यावर उभा राहा

प्रिय पैलवान,

तुझा लांबलचक मेसेज वाचला. एमएमएच्या, म्हणजे ठोसे, लाथा आणि कुस्ती एकत्र चालणाऱ्या, सात लढतींत सहा विजय, त्यातले चार पहिल्याच राउंडमध्ये, आणि आता तुला थेट बेल्टची, म्हणजे चॅम्पियनपदाची, लढत हवी आहे. शिवाय तुझ्या बँटमवेट या वजनगटाला रांग मोठी आहे म्हणून एक गट खाली, फ्लायवेटला उतरू का, असंही विचारतोयस. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे: उतरू नकोस. का ते पुढे आकड्यांत मांडतो. पहिल्याला जरा वेळ लागेल.

कुस्तीत निवड चाचणी असते, ड्रॉ निघतो, जिंकत गेलास की आपोआप पुढची फेरी. बॉक्सिंगमध्ये डब्ल्यूबीसी, आयबीएफ अशा संघटना बेल्ट देतात आणि चॅम्पियनला ठरलेल्या 'मॅन्डेटरी' चॅलेंजरशी लढावंच लागतं. एमएमएत बहुतेक ठिकाणी यातलं काहीच नाही. बेल्ट प्रमोशनच्या, म्हणजे लढती भरवणाऱ्या कंपनीच्या, मालकीचा. तो कुणाला मागायला मिळेल हे लढती जुळवणारा मॅचमेकर आणि त्याच्या वरची माणसं ठरवतात. यूएफसी या सगळ्यात मोठ्या प्रमोशनचं रँकिंग २०१३ पासून आहे, पण ते पत्रकारांच्या मतांवर निघतं आणि कंपनीवर त्याचं बंधन नाही. देशातल्या छोट्या प्रमोशनचं रँकिंग तर बऱ्याचदा इन्स्टाग्रामच्या पोस्टपुरतंच असतं.

म्हणून नुसत्या विजयांच्या आकड्यावर विसंबू नकोस. बेलाल मुहम्मद २०२३ च्या मे महिन्यात गिल्बर्ट बर्न्सला हरवून सलग दहा लढती अपराजित होता. तरी त्या वर्षीच्या डिसेंबरचा शॉट, म्हणजे बेल्टसाठी लढायची संधी, कोल्बी कोव्हिंग्टनला मिळाला, आणि कोव्हिंग्टन तर २०२२ च्या मार्चनंतर एकदाही लढला नव्हता. बेलालला जुलै २०२४ पर्यंत थांबावं लागलं. मँचेस्टरला संधी मिळाली आणि त्याने लिऑन एडवर्ड्सकडून बेल्ट काढून घेतला. मेराब द्वालिशविलीची गोष्ट वेगळी. त्याच्या गटात चॅम्पियन होता अल्जमेन स्टर्लिंग, जिममधलाच जोडीदार. मेराब त्याच्याशी लढायला तयार नव्हता, म्हणून तो विजय मोजत बसला. दहा सलग विजयांनंतर, सप्टेंबर २०२४ मध्ये, तो शॉन ओ'मॅलीला हरवून चॅम्पियन झाला. तुझ्या जिममध्येही तुझ्याच वजनाचे दोघं आहेत. एकमेकांशी लढणार की नाही हे आजच कोचसमोर बसून ठरवा, नाहीतर दोन वर्षांनी जिम फुटेल.

मग शॉट कशाने मिळतो? मॅचमेकर दोन-तीन गोष्टी बघतो, त्याही भराभर. तू कुणाला हरवलंस? तुझ्या सहा विजयांपैकी चार अशांवर आहेत ज्यांच्या नावावर विजयांपेक्षा पराभव जास्त. शेरडॉग आणि टॅपॉलॉजी या लढतींच्या नोंदी ठेवणाऱ्या वेबसाइटवर हे कुणालाही एका मिनिटात दिसतं. तिथे तुझी एक लढत चुकीच्या वजनात नोंदली गेली आहे, ती आधी दुरुस्त करून घे. दुसरं, दिलेल्या तारखेला तू उभा राहशील का? वजन चुकवलेला किंवा दोन आठवडे आधी 'खांदा दुखतोय' म्हणणारा लढवय्या कितीही चांगला असो, मुख्य लढतीच्या पोस्टरवर त्याचं नाव छापायला कुणी धजत नाही. आणि तिसरं म्हणजे मागण्याची पद्धत. जिंकल्यावर माईक हातात येतो तेव्हा वीस सेकंद असतात. त्यात एक नाव घ्यायचं, एक महिना सांगायचा आणि एक कारण द्यायचं. "कुणीही समोर आणा, मी तयार आहे" हे वाक्य मॅचमेकरच्या काहीच कामाचं नाही.

माझं मत सांगतो: बेल्टच्या आधी आणखी दोन लढती घे. एक अशाशी, जो देशातल्या पहिल्या पाचात धरला जातो. दुसरी अशाशी, जो तुला तिसऱ्या राउंडपर्यंत नेईल. पहिल्याच राउंडमध्ये संपलेल्या तुझ्या चार विजयांत तुझी दमछाक कशी होते हे कुणी पाहिलेलंच नाही, तूही नाही. पुढची पायरी मोठी आहे आणि तिथून घसरणाऱ्यांत हुशार पोरंच जास्त असतात. अंशुल जुबली मॅट्रिक्स फाइट नाइट या आपल्याकडच्या प्रमोशनमधून वर आला, 'रोड टू यूएफसी' या निवड स्पर्धेत पहिली फेरी त्याला न लढताच मिळाली, मग दोन लढती जिंकून २०२३ च्या फेब्रुवारीत करार मिळवला. ऑक्टोबरमध्ये अबू धाबीत पहिल्याच यूएफसी लढतीत तो तिसऱ्या राउंडमध्ये नॉकआउट झाला आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सिडनीला अवघ्या १९ सेकंदांत. पोरगा कच्चा होता असं मी म्हणणार नाही. पण तिकडच्या तिसऱ्या राउंडची सवय इकडच्या लढतींत लागत नाही. पूजा तोमर मॅट्रिक्सचा बेल्ट जिंकून, बरीच वर्षं घासून गेली आणि जून २०२४ मध्ये लुइव्हिलला यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय ठरली. तीही निसटती, स्प्लिट डिसिजनवर, म्हणजे तिघांपैकी दोनच जजच्या मतावर.

आता वजन.

तू सध्या ६९ किलोवर आहेस. बँटमवेटची मर्यादा ६१.२ किलो, म्हणजे ७.८ किलो कमी; शरीराच्या साधारण ११ टक्के. हे जमतं, पण आठ आठवडे लागतात. फ्लायवेट ५६.७. म्हणजे १२.३ किलो, जवळपास १८ टक्के. त्यातलं निम्मं तुला स्नायू आणि पाण्यातून काढावं लागेल, आणि २५ मिनिटांची लढत त्या शरीराने होत नाही. रांग लहान आहे म्हणून गट बदलणाऱ्यांना पहिल्या दोन राउंडनंतर रांगेचं महत्त्व कळतं.

आणखी एक बारकावा, जो पोरांना लढतीच्या आठवड्यात कळतो. साध्या लढतीत एक पौंडाची, म्हणजे ४५४ ग्रॅमची सूट असते. टायटलच्या लढतीत ती नसते. ६१.६ वर तू सहा वेळा पास झाला आहेस. बेल्टसाठी तेवढंच वजन म्हणजे नापास. मे २०२२ मध्ये फिनिक्सला चार्ल्स ऑलिव्हेरा काट्यावर १५५.५ पौंड भरला, मर्यादा १५५. एक तास जास्तीचा मिळाला, तरी तो अर्धा पौंड हलला नाही. तिथल्या सरावाच्या काट्यावरून नंतर बराच वाद झाला, पण निकाल बदलला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने जस्टिन गेजीला पहिल्याच राउंडमध्ये गळा आवळून (चोक करून) हरवलं. लढत जिंकली, बेल्ट मात्र लढत सुरू होतानाच गेला होता. यातून शिकायचं ते असं: स्वतःचा डिजिटल काटा बरोबर ठेव, हॉटेलवर पोचल्याबरोबर तो अधिकृत काट्याशी ताडून बघ, आणि लक्ष्य मर्यादेच्या २०० ग्रॅम खाली धर.

आठ आठवड्यांचा हिशेब असा. रोज सकाळी लघवीनंतर, रिकाम्या पोटी, उघड्या अंगाने वजन घे आणि वहीत लिही. एका दिवसाच्या आकड्याकडे बघू नकोस, सात दिवसांची सरासरी काढ. ती आठवड्याला अर्धा किलोने उतरली पाहिजे. म्हणजे लढतीच्या आठवड्यात तू ६५ वर असशील. प्रथिनं रोज किलोमागे २ ग्रॅम, म्हणजे १३० ते १४० ग्रॅम; ती कमी करायची नाहीत. कमी करायचं तेल, साखर आणि रात्रीचा दुसरा भात. तालमीतली दूध-बदाम-तुपाची सवय तुला अजून आहे. खुराक चांगलाच आहे, पण तो दिवसाला तीन हजार जोर-बैठका मारणाऱ्यासाठी ठरलेला. तुझ्या वेळापत्रकात तो चरबी होऊन बसतो.

वजन शुक्रवारी सकाळी आणि लढत शनिवारी रात्री असं धरून चालतो. सोमवारपासून कोंडा, पालेभाज्या, डाळीची सालं, सॅलड बंद. आतड्यातला चोथा निघून गेला की पाऊण ते एक किलो तसाच कमी होतो. कर्बोदकं दिवसाला ५० ग्रॅमच्या आसपास आण. स्नायूंतल्या ग्लायकोजेनबरोबर त्याला धरून ठेवलेलं पाणीही जातं. मीठ चवीपुरतंही वरून घालू नकोस. या सगळ्यातून तू गुरुवारी दुपारी ६३.२ च्या जवळ यायला हवास. उरले दोन किलो, शरीराच्या तीन टक्क्यांच्या थोडं वर. घामाने काढायचे ते एवढेच. गुरुवारी दुपारी काटा ६४.५ च्या वर असेल तर आठ आठवड्यांत कुठेतरी गोंधळ झालाय. तो एका रात्रीत भरून काढायला जाऊ नकोस.

गुरुवारी संध्याकाळी गरम पाण्याच्या टबमध्ये बसायचं. पाणी साधारण ४० अंश, थर्मामीटर लावून, हाताने अंदाज घेऊन नाही. दहा मिनिटं टबमध्ये, मग बाहेर येऊन टॉवेल आणि रजई गुंडाळून दहा मिनिटं आडवं, मग वजन. असे दोन किंवा तीन फेरे, चौथा नाही. सोबत कायम एक शुद्धीत असलेला माणूस हवा, आणि तो तूच निवडलेला जोडीदार नको, कारण तो तुझं ऐकेल. डॉक्टर किंवा कोच हवा. घाम थांबला, त्वचा कोरडी आणि गरम लागली, थरथर सुरू झाली, बोलणं अडखळलं, की टबमधून बाहेर आणि पाणी प्यायचं. त्या रात्री बेल्टचा विषय संपला. झोपेत श्वासातून आणि घामातून ४०० ते ६०० ग्रॅम जातात, म्हणून झोपायला जाताना ६१.६ वर असलास तर सकाळी काट्याची भीती नाही. उन्हात प्लॅस्टिकचं जॅकेट घालून पळणारी पोरं मी बघतो. त्यात पाणी जातंच, पण पायही जातात. टबने पाय वाचतात.

हे गंमतीत घेऊ नकोस. डिसेंबर २०१५ मध्ये यांग जियान बिंग हा चिनी लढवय्या मनिलात वजन उतरवताना कोसळला आणि वारला. त्यानंतर वन चॅम्पियनशिप या आशियातल्या प्रमोशनने लघवीची चाचणी सुरू केली. लघवीची घनता १.०२५ च्या वर गेली की काट्यावर बरोबर असूनही तू नापास. म्हणून त्यांचे गटही वरच्या वजनाला सरकलेले आहेत, त्यांचा फ्लायवेट १३५ पौंडांचा आहे. उद्या तिथून बोलावणं आलं तर ही वरची सगळी पद्धत निरुपयोगी. तिथे पाणी काढून चालतच नाही, खरं वजनच कमी असावं लागतं.

लघवी होण्याची गोळी कुणी देऊ केली तर तोंडावर नाही म्हण. फ्युरोसेमाइड हे वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत बंदी असलेलं औषध आहे, शिवाय ते पोटॅशियम काढून टाकतं आणि हृदयाचे ठोके बिघडवतं. वजनानंतर सलाईन लावून घेणंही तसंच: बारा तासांत १०० मिलीपेक्षा जास्त ड्रिप वैद्यकीय परवानगीशिवाय नियमबाह्य आहे. तुझ्या ओळखीचा कंपाउंडर हॉटेलच्या खोलीत बाटली टांगतो, हे अभिमानाने सांगायची गोष्ट नाही.

काट्यावरून उतरल्यावर गेलेल्या पाण्याच्या सव्वा ते दीड पट परत जायला हवं. तीन किलो गेले असतील तर चार लिटरच्या आसपास, पाच-सहा तासांत, घोट घोट. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट एक लिटर पाण्यातच कालव. ग्लासभर पाण्यात पूर्ण पाकीट टाकून पिणारे बघितलेत. तेवढं दाट द्रावण उलट शरीरातलं पाणी पोटात ओढून घेतं आणि जुलाब लागतात. पहिल्या तासात घन काही नको. मग केळी, मऊ भात, मुगाची पातळ खिचडी, तूप नाममात्र. शनिवारी दुपारपर्यंत किलोमागे ५ ते ८ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे तुझ्यासाठी सव्वातीनशे ते पाचशे ग्रॅम; एका भरल्या ताटातल्या अडीचशे ग्रॅम शिजलेल्या भातात साधारण सत्तर मिळतात, त्यावरून अंदाज घे. बिर्याणी रविवारी.

वजनाच्या फेऱ्यांनाही मर्यादा असते. टोनी फर्ग्युसनने १७ एप्रिल २०२० ला, लढत रद्द झालेली असताना, हट्टाने १५५ पौंड भरून दाखवले. तीन आठवड्यांनी खऱ्या लढतीसाठी पुन्हा भरले. ९ मे ला गेजीने त्याला पाचव्या राउंडमध्ये थांबवलं आणि बारा विजयांची मालिका तुटली. केवळ वजनानेच हरला असं म्हणता येणार नाही, गेजी त्या रात्री जबरदस्त होता. पण तीन आठवड्यांत दोनदा पिळलेलं शरीर कुणाच्याच उपयोगाचं नसतं.

तुझ्या कुस्तीबद्दल. तुझी सगळ्यात पक्की सवय आहे पाठ जमिनीला लागू न देण्याची. खाली पडलास की तू विचार न करता पोटावर येतोस. मातीत त्याने कुस्ती वाचते. केजमध्ये, म्हणजे जाळीच्या पिंजऱ्यात, पोटावर आलास की समोरचा पाठीवर चढतो, दोन्ही टाचा मांड्यांच्या आत अडकवतो, हनुवटीखाली हात घालतो, आणि दहा सेकंदांत तू हाताने थोपटून (टॅप करून) हार मानतोस. तुझा एकमेव पराभव असाच आहे, व्हिडिओ पुन्हा बघ. आठवड्यातून तीन दिवस, चार मिनिटांचे चार राउंड, फक्त याचा सराव कर: खाली पाडलेल्या (टेकडाउन) अवस्थेतून सुरुवात, कुशीवर राहायचं, वरचं कोपर गुडघ्याशी, समोरच्याच्या बगलेखालून हात (अंडरहुक), मग ढुंगणाने सरकत केजच्या जाळीपर्यंत, पाठ जाळीला, आणि जाळीच्या आधाराने उठायचं. पोटावर वळलास की जोडीदाराने राउंड थांबवून पहिल्यापासून सुरू करायचा. महिनाभर चीड येईल.

दुसरी सवय पट काढतानाची, म्हणजे समोरच्याचे पाय धरून पाडतानाची. तू डोकं खाली घालून लांबून शिरतोस. मान उघडी पडते आणि गिलोटिन, म्हणजे समोरून मान आवळण्याचा डाव, बसतो. भारतातून यूएफसीत उतरलेला पहिला लढवय्या भरत खंदारे २०१७ मध्ये शांघायला सोंग यादोंगसमोर पहिल्याच राउंडमध्ये गिलोटिनमध्ये सापडला होता. शिरायचं ते हाताच्या अंतरावरून, आधी जॅब-क्रॉसने समोरच्याचे हात वर आणून. कपाळ त्याच्या बरगडीला, नजर वर, आणि थांबायचं नाही. जाळीपर्यंत ढकलत न्यायचं. तरीही मान अडकली तर दोन्ही हातांनी त्याचा मनगटाचा विळखा धर, खांदा त्याच्या हनुवटीत रुतव, आणि डोकं ज्या बगलेत आहे तिच्या विरुद्ध बाजूला अंग ने. घाबरून डोकं उपसायला गेलास तर त्याचं काम तूच करतोस.

जाळीजवळच्या पकडीत तुझी आतली टांग सोन्यासारखी चालते, ती वाढव. ढाक (वळून कमरेवरून फेकायचा डाव) मात्र पहिल्या राउंडमध्येच काढ, अंग कोरडं असतं तेव्हा. घामाने निसरडं झाल्यावर ढाक फसला की तुझी पाठ समोरच्याला फुकट मिळते.

आणि जजला काय दिसतं ते समजून घे. युनिफाइड रूल्स या एमएमएच्या नियमावलीत आधी परिणामकारक फटके आणि परिणामकारक ग्रॅपलिंग बघतात, त्यातही इजा किती झाली याला वजन. त्यात दोघं अगदी समान असले तरच आक्रमकता, आणि तीही समान असली तरच केजवरचा ताबा. पाडलंस आणि दोन मिनिटं नुसता धरून बसलास, तर खालून चार जोरदार फटके मारलेल्याला राउंड जाऊ शकतो. पाडल्यावर दर पाच सेकंदांत काहीतरी झालं पाहिजे: कोपर, ठोसा, नाहीतर पुढची पकड. २०२४ च्या नोव्हेंबरपासून बदललेल्या नियमांत वरून खाली सरळ मारलेलं कोपरही चालतं. पण सगळ्या ठिकाणी बदल एकाच वेळी लागू झालेले नाहीत. लढतीच्या आदल्या दिवशीच्या नियमांच्या बैठकीत रेफरीला हे विचारायचंच.

बेल्टची लढत पाच राउंडची, प्रत्येकी पाच मिनिटं. लढतीआधीच्या दहा आठवड्यांच्या तयारीत (कॅम्पमध्ये) पहिले चार आठवडे तीन राउंड, मग चार आठवडे दर शनिवारी पूर्ण पाच, प्रत्येक राउंडला ताजा जोडीदार. कडक स्पारिंग (जोडीदाराशी सरावाची लढत) आठवड्यात तेवढंच. शेवटचे दहा दिवस डोक्याला एकही फटका नाही. पहिला राउंड पाऊण ताकदीने खेळायला शिक. तुझी मूठ आणि पुढचा हात दुसऱ्या राउंडच्या मध्याला जळायला लागतो, कारण तू पकड सोडतच नाहीस. मधल्या मिनिटात नाडी किमान तीसने खाली यायला हवी, ती मोजायला कोचला सांग. कॉर्नरमध्ये बोलणारा एकच. पहिली वीस सेकंदं कुणी काही बोलायचं नाही, फक्त श्वास आणि पाण्याचा घोट; मग दोन सूचना, तिसरी नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये सॉल्ट लेक सिटीला लिऑन एडवर्ड्स तिन्ही जजच्या कार्डावर एकाविरुद्ध तीन राउंडनी मागे होता. पाचवा राउंड संपायला ५६ सेकंद उरली असताना त्याची डावी लाथ कमारू उस्मानच्या डोक्यावर बसली आणि बेल्ट फिरला. दुखावलेला, दमलेला असूनही त्या मिनिटात त्याचा पाय तेवढ्या उंचीवर गेला. पाचव्या राउंडची तालीम त्याच्यासाठीच करायची.

ऐनवेळी फोन आला तर? मायकेल बिस्पिंगने २०१६ मध्ये १७ दिवसांच्या सूचनेवर, चित्रपटाचं शूटिंग चालू असताना, ल्यूक रॉकहोल्डशी लढत घेतली आणि पहिल्याच राउंडमध्ये बेल्ट जिंकला. व्होल्कानोव्हस्कीने २०२३ मध्ये दोन आठवड्यांपेक्षा कमी वेळ असताना माखाचेव्हशी लढत घेतली आणि पहिल्याच राउंडमध्ये डोक्यावर लाथ खाल्ली. दोघंही मोठे. तुझ्यासाठी मी हिशेब असा लावीन: काटा मर्यादेच्या सात टक्क्यांच्या आत, म्हणजे ६५.५ च्या खाली असेल, गेल्या तीन आठवड्यांत किमान दोनदा पाच राउंड झाले असतील, आणि वैद्यकीय कागद चालू असतील, तरच हो. तिन्ही पाहिजेत. नॉकआउटनंतर साठ दिवस झाले नसतील तर पुढचं काही विचारायचंच नाही. टायटलच्या लढतीला राखीव म्हणून बोलावलं तर मात्र जा: वजन भरायचे पैसे मिळतात आणि मॅचमेकरला कळतं की तू तारखेला उभा राहतोस.

कागदांचं थोडक्यात. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सीच्या रक्तचाचण्या सहा महिन्यांनी जुन्या होतात, त्यांची तारीख फोनमध्ये लाव. बाहुली मोठी करून केलेली डोळ्यांची तपासणी आणि मेंदूचा एमआरआय एकदा करून ठेव. अमेरिकेत लढायचं तर खेळाडूचा पी-१ व्हिसा लागतो, आणि तिथे विदेशी खेळाडूच्या मानधनातून साधारण ३० टक्के कर आधीच कापतात. लास व्हेगास आपल्यापासून साडेबारा-साडेतेरा तास मागे आहे; झोप बसायला दहा-बारा दिवस धर. उंचीवरच्या शहरात तर त्याहून जास्त: २०१५ मध्ये मेक्सिको सिटीला, सव्वादोन हजार मीटरवर, फॅब्रिसियो वेर्दूम कितीतरी आठवडे आधी जाऊन राहिला होता. केन वेलास्केझ उशिरा पोचला आणि तिसऱ्या राउंडला संपला.

कराराच्या मसुद्यात चार गोष्टी शोध. किती लढती आणि किती महिने; चॅम्पियन झालास तर करार आपोआप वाढतो का; करार संपल्यावर दुसऱ्याची ऑफर जुळवण्याचा हक्क त्यांना किती काळ; आणि वजन चुकलं तर मानधनातला किती हिस्सा जातो. हा हिस्सा बहुतेक वेळा २० ते ३० टक्के असतो. मॅनेजर दहा ते वीस टक्के घेतो. त्याने ते 'हजेरी'च्या, म्हणजे नुसतं लढायला उतरण्याच्या, रकमेवर घ्यायचे की विजयाच्या बोनसवरही, हे आधी लिहून घे. आपल्याकडे पुष्कळ पोरं इंग्रजी करार न वाचता सही करतात आणि दीड वर्ष कुठेच लढू शकत नाहीत. पाच-दहा हजार देऊन वकिलाकडून वाचून घे.

प्रमोशनकडून विचारणा आली तर लगेच 'हो' कळवू नकोस, 'नाही'ही कळवू नकोस. फक्त तारीख विचार आणि पाच राउंडची लढत आहे का तेही विचार, कारण काही छोट्या प्रमोशनमध्ये टायटलही तीनच राउंडचं असतं. मला रविवारपर्यंत गेल्या चौदा दिवसांची सकाळची वजनं, शेवटच्या रक्तचाचणीचा फोटो आणि त्या हरलेल्या लढतीचा पूर्ण व्हिडिओ पाठव. वजनं लिहिलेली नसतील तर उद्यापासून लिही, आणि मग दोन आठवड्यांनी बोलू.

तुझा,
कोच